खिडकीच्या खुर्चीतली एकशे सत्तावीस मिनिटं

"लिहा, मेव्हणे," दाजी म्हणाले. "ज्याच्या नुसत्या पावलांच्या आवाजानं अट्टल गुन्हेगारांना दरदरून घाम फुटतो, ज्याच्या नजरेतून मुंगीचा सातवा पायसुद्धा सुटत नाही—"

"मुंगीला सहाच पाय असतात, दाजी."

"म्हणूनच सातवा कुणाला दिसत नाही. मला दिसतो. लिहा."

मी लिहिलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पंचवीस वर्षं घरोघरी नळाचे मीटर वाचले आणि एक दिवस नोकरी सोडून स्वतःच स्वतःला गुप्तहेर म्हणून नेमलं. प्रत्येक प्रकरणाच्या वहीत पहिलं पान त्यांच्या स्वतःच्या वर्णनाचं असतं. बहुतेक वह्यांत दुसरं पान कोरंच राहतं. मी त्यांचा मदतनीस, कारण माझी नोकरी सुटली आणि मी ताईकडे राहायला आलो. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. मी मोजत नाही, मुकाट्यानं वह्या भरतो.

तर प्रकरण असं. आमच्या कोपऱ्यावर केस कापायचं दुकान आहे. खिडकीजवळच्या खुर्चीवर काका केस कापतात, सव्वीस वर्षं झाली. मधल्या खुर्चीवर एक तरुण कारागीर आहे, त्याला सगळे हिरो म्हणतात. तो गिऱ्हाइकाच्या डोक्यापेक्षा आरशातल्या स्वतःच्या डोक्याकडे जास्त लक्ष देतो, पण स्वभावानं गरीब आहे. तिसरी खुर्ची मागच्या बाजूला, पाणी तापवायच्या टाकीशेजारी. तिथं ट्यूबलाइट आहे, उजेड नाही.

मालक मध्यंतरी धंदा सुधारण्याच्या तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. जाताना बरे होते. आल्यावर त्यांनी भिंतीवर तक्ता लावला आणि जाहीर केलं की गिऱ्हाइकाला भरवसा हवा असतो. ज्याच्या कामाच्या वेळेत चढउतार कमी, तो भरवशाचा. खिडकीची खुर्ची त्याला मिळणार. दुसरा टाकीशेजारी.

हे ऐकून काकांचा हात थांबला. काकांचे डोळे आता थकलेत. दिवसाच्या उजेडात ते मानेवरचा एकेक केस मोजून दाखवतील, पण ट्यूबलाइटखाली त्यांना केस कुठला आणि सावली कुठली ते कळत नाही. मागची खुर्ची म्हणजे त्यांच्यासाठी घरचा रस्ता. हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. मालकांनाही ठाऊक असावं, पण शिबिरात तसा धडा नव्हता.

बुधवारी मोजणी झाली. मालकांनी एक यंत्र आणलं होतं. गिऱ्हाईक बसलं की तिकिटावर ठप्पा, उठलं की पुन्हा ठप्पा. तिकिटावर कारागिरानं गिऱ्हाइकाचं वर्णन लिहायचं. मालक स्वतः दिवसभर बाहेरगावी होते. म्हणून यंत्राशी कुणी खेळू नये यासाठी त्यांनी गुपचूप एक पहारेकरी नेमला. कोण, ते सांगायला नकोच.

"मेव्हणे, मी वेषांतर करून आत जातो," दाजी म्हणाले. त्यांनी नाटकवाल्यांकडून भलीमोठी काळी दाढी आणली होती. "हे माझं मनगटी घड्याळ तुमच्याकडे ठेवा. दाढीमागचा माणूस घड्याळावरून ओळखता येतो. तुम्ही मागच्या गल्लीत थांबा. कुणी पळालं तर पाठलाग करा."

मागच्या गल्लीत दुकानाचे टॉवेल वाळत घालतात. मी टॉवेलांवर पहारा दिला. कुणी पळालं नाही. बऱ्याच वेळानं दाजी आले, अगदी ताजेतवाने, पण दाढीशिवाय.

"दाढी कुठाय?"

"चोरीला गेली!" दाजी कुजबुजले. "माझ्या तोंडावरून! यात मोठी टोळी आहे, मेव्हणे. मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, तरी दाढी गेली."

गुरुवारी सकाळी मालकांनी आकडे वाचून दाखवले. दोघांची बारा-बारा गिऱ्हाइकं. हिरोचं सगळ्यात झटपट काम चौदा मिनिटांचं, सगळ्यात लांबलेलं पंचेचाळीस. फरक एकतीस. काकांचं सगळ्यात झटपट तीन मिनिटांचं आणि सगळ्यात लांबलेलं एकशे तीस. फरक एकशे सत्तावीस.

"एकशे सत्तावीस!" मालक तक्त्यावर खडूनं लिहीत म्हणाले. "काका, तुमच्याकडे माणूस आला तर तो तीन मिनिटांत सुटेल की दुपार घालवेल, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. सरासरीही तुमचीच जास्त. तुमची एकोणतीस, हिरोची अठ्ठावीस."

मग त्यांनी ते तिकीट उचललं. "हे एकशे तीस मिनिटांचं गिऱ्हाईक कोण?"

तिकिटावर काकांनी लिहिलं होतं, 'दाढीवाले गृहस्थ'.

"गिऱ्हाईक होतं," काका म्हणाले. त्यापुढे एक अक्षर नाही. मालकांनी तीनतीनदा विचारलं. काका कात्री पुसत राहिले. शेवटी मालकांनी शुक्रवारी पाचची वेळ दिली. तोवर कारण सापडलं तर ठीक, नाहीतर खुर्ची बदलायची.

दाजींच्या अंगात वीज संचारली. "दाढीवाला! मेव्हणे, वही!"

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "दाजी, बुधवारी तुम्हीसुद्धा दाढी लावून—"

"मध्ये बोलू नका. धागा तुटतो."

पहिला सिद्धांत जुळ्यांचा. एकच माणूस तीन मिनिटांतही केस कापतो आणि एकशे तीस मिनिटांतही, हे अशक्य. तेव्हा काका दोन आहेत. एक चपळ, एक मंद. दाजींनी काकांच्या घरापर्यंत माग काढला, दार वाजवलं आणि दार उघडणाऱ्या काकूंना विचारलं, "दुसरे कुठे आहेत?" काकू म्हणाल्या, "एकच सांभाळताना नाकी नऊ येतात, दुसरे कुठून आणू?" दाजींनी लिहून घ्यायला लावलं, 'साक्षीदार काहीतरी लपवत आहे.'

दुसरा सिद्धांत गुप्त नकाशाचा. त्या दाढीवाल्याच्या टाळूवर नकाशा गोंदलेला होता आणि काका दोन तास तो उतरवून घेत होते. यासाठी दाजींनी रस्त्यानं जाणाऱ्या चार दाढीवाल्यांच्या टोप्या काढून पाहिल्या. चौथा पैलवान निघाला. पुढचा तपास आम्ही पळत पळत केला.

तिसरा सिद्धांत मात्र खरोखर भारी होता. शुक्रवारी दुपारी दुकानात दाजींनी मला स्वतःची बुधवारची टिपण-चिठ्ठी दाखवली. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी समोर दिसणाऱ्या घड्याळात पाहून वेळ टिपली होती.

"वाचा. खुर्चीत बसलो, एक वाजता. खुर्चीतून उठलो, दहा वाजून पन्नास मिनिटांनी. मेव्हणे, मी बसायच्या आधी उठलो! या दुकानात काळ उलटा वाहतो!"

मी काकांच्या खुर्चीत जाऊन बसलो. समोर घड्याळ नव्हतं. समोर आरसा होता आणि घड्याळ पाठीमागच्या भिंतीवर, आकड्यांऐवजी नुसत्या रेघांचं.

"दाजी, आरशात घड्याळ उलटं दिसतं. एक म्हणजे खरे अकरा. दहा पन्नास म्हणजे खरा एक वाजून दहा."

"मग?"

"म्हणजे तुम्ही अकरा ते एक-दहा बसला होता. दोन तास दहा मिनिटं. किती मिनिटं झाली बघा बरं."

दाजींनी बोटांवर हिशेब केला. पंचवीस वर्षं मीटर वाचलेला माणूस, आकडा चुकायचा नाही. "एकशे तीस," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे चमकले. मला वाटलं, पडला एकदाचा उजेड. "एकशे तीस! म्हणजे बरोबर त्याच वेळी तो दाढीवालाही इथंच होता! माझ्या शेजारी! माझीच चोरलेली दाढी लावून!"

मी वही मिटली. शेजारी हिरो होता आणि हिरोला अजून मिसरूडही नीट फुटलेलं नाही.

चार वाजून गेले होते. काका खिडकीशी एकेक हत्यार फडक्यात गुंडाळत होते. कात्र्या, फण्या, जुना वस्तरा. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी आवराआवर सुरू केली होती. मला ते बघवेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि या वेळचा चोर ताईचं कुंकू होता. मी काय बोलणार?

दाजींनी तोवर चोवीसच्या चोवीस तिकिटं जमिनीवर पसरून 'गुन्ह्याचा नकाशा' मांडला होता. तेवढ्यात मागच्या दारानं मावशी आल्या, एका हातात केरसुणी आणि काखेत टॉवेलांचा ढीग. दुकानातला केर आणि टॉवेल मावशींकडे असतात आणि त्यांच्यापुढे मालकसुद्धा चपला बाहेर काढतात.

"हा पसारा कुणाचा?"

"मावशी, हात लावू नका! पुरावा आहे!"

"पुरावा तिकडं टेबलावर. जमीन झाडायची आहे." मावशी खाली बसल्या आणि तिकिटं गोळा करू लागल्या. पण मावशींना कुठलीच गोष्ट नुसती गोळा करता येत नाही. टॉवेल असोत नाहीतर तिकिटं, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. काकांची बारा एका बाजूला, हिरोची बारा दुसऱ्या. वर पंखा गरगरत होता, तिकिटं उडायला लागली. मग त्यांनी एक लांब टॉवेल घेऊन त्यावर काकांची तिकिटं सारख्या अंतरावर टाचणीनं टाचली, दुसऱ्यावर हिरोची. आणि मग हाताला सवयच ती, दुकानातला प्रत्येक टॉवेल त्या जशी घडी घालतात तशीच घातली. डावीकडचा पाव भाग खाली दुमडला, उजवीकडचा पाव भाग खाली दुमडला. मधला निम्मा टॉवेल वर राहिला. दोन्ही टॉवेल फळीवर शेजारी शेजारी ठेवून त्या झाडायला लागल्या.

बरोबर पाचला मालक आले. "काका, तुमचं सामान..." असं म्हणता म्हणता त्यांची नजर फळीवर गेली. काकांच्या टॉवेलवर सहा तिकिटं दिसत होती. वीस, एकवीस, एकवीस, बावीस, बावीस, तेवीस. हिरोच्या टॉवेलवर सहा. सोळा, वीस, सव्वीस, तीस, चौतीस, अडतीस.

"हे काय? काकांचे तर सगळे आकडे सारखेच दिसताहेत! आणि ते एकशे तीस कुठं गेलं?"

"खाली दुमडलंय," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे गैरसोयीचं ते लपवलं! ही लबाडी झाली, मावशी!"

मावशींनी केरसुणी खाली ठेवली. 

"लबाडी? दोघांचीही दुमडलीत. खालची तीन, वरची तीन. काकांचीही आणि या पोराचीही. फाडून टाकली का? उलगडून बघा, आहेत तिथंच. मालक, तुम्ही टॉवेल घेताना काय बघता? मी काठ बघत नाही. काठाचे दोरे सुटायचेच, चांगल्या टॉवेलचेही सुटतात. मी मधे हात फिरवून बघते. रोज अंग मधल्या टॉवेलनं पुसायचं असतं. तुम्ही दोन्हीकडचा एकेक सुटलेला दोरा धरलात, त्यांतलं अंतर मोजलंत आणि सांगता टॉवेल वाईट!"

"पण शिबिरात तर..."

"शिबिरात टॉवेल कोण धूत होतं?"

तेवढ्यात दारातून टाळ्यांचा आवाज आला. गणिताचे निवृत्त मास्तर उभे होते. मास्तरांचं डोकं म्हणजे गुळगुळीत पाटी, फक्त मानेवर केसांची एक झालर. ते दोन-तीन दिवसांआड येतात, झालर नीट करून घेतात आणि जातात.

"काकांच्या खुर्चीत तीन मिनिटं बसलेला तो मीच," मास्तर म्हणाले. "याहून जास्त वेळ बसलो तर कापायचं काय?" मग ते फळीजवळ गेले आणि टॉवेलच्या घडीवर बोट ठेवून उभे राहिले. "ही घडी म्हणजे पहिला चतुर्थक. ही तिसरा. आकडे चढत्या क्रमानं लावायचे, खालचा पाव हिस्सा आणि वरचा पाव हिस्सा बाजूला, आणि मधल्या निम्म्याची रुंदी मोजायची. याला आंतरचतुर्थक विस्तार म्हणतात. छत्तीस वर्षं फळ्यावर शिकवलं हो मी हे. मुलं खिडकीबाहेर बघायची. मावशी, तुम्ही टॉवेलवर केलंत." मास्तरांचे डोळे भरून आले. मावशींनी त्यांना डोळे पुसायला टॉवेल दिला, पण तिकिटांचा नाही.

"म्हणजे रुंदी किती?" मालकांनी विचारलं.

"काकांच्या घड्या वीस आणि तेवीसवर. फरक तीन मिनिटं. हिरोच्या सोळा आणि अडतीसवर. फरक बावीस. तुमच्या त्या एकशे सत्तावीसमध्ये एकशे बावीस मिनिटं मी आणि तो दाढीवाला अशी दोनच माणसं बसली आहेत. आणि ती सरासरी एकोणतीस! काढा बरं काकांचं एकोणतीस मिनिटांचं एक तरी तिकीट."

मालकांनी टॉवेल उलगडला. तीन, एकोणीस, वीस. मधली सहा. मग तेवीस, चोवीस आणि एकशे तीस. एकोणतीस कुठंच नव्हतं. हिरोही आरसा सोडून बघायला आला. स्वतःचा टॉवेल बघून म्हणाला, "आयला, मालक, माझं तर काही खरं नाही." आणि खुशाल हसला.

मालक खुर्चीच्या हातावर टेकले. "पटलं. पण मास्तर, मला एवढं कळू द्या. तो दाढीवाला कोण? दोन तास दहा मिनिटं एखाद्या माणसाचं करायचं तरी काय?"

"मी सांगतो!" दाजी पुढे सरसावले. "तो एक अत्यंत धूर्त, निर्ढावलेला गुन्हेगार असून, माझी दाढी चोरून—"

"हो, बरी आठवण केलीत," मावशी म्हणाल्या. काका घाईघाईनं हातानं नको-नको करू लागले, पण मावशी मागच्या दोरीपर्यंत जाऊनही आल्या. त्यांच्या हातात एक भलीमोठी काळी दाढी होती, दोन चिमट्यांना लटकलेली, स्वच्छ धुतलेली. "ही घ्या. बुधवारी खुर्चीत झोपलात तेव्हा सुटून टॉवेलात पडली. मला वाटलं कुणाचं गंगावन आहे. घोरत काय होता हो तुम्ही! त्या कात्र्यासुद्धा थरथरत होत्या. काखेत कळसा अन् गावाला वळसा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दाजींनी दाढी हातात घेतली. ती धुतल्यामुळे मऊ झाली होती. त्यांचा चेहरा असा पडला की मला त्यांची मनापासून कीव आली. वह्या भरून भरून मी त्यांना किती नावं ठेवतो, पण तेव्हा वाटलं, कुणीतरी दिवे घालवावेत आणि या माणसाला गुपचूप घरी जाऊ द्यावं.

मालकांनी एवढंच केलं. ते उठले, तक्त्यावरचं एकशे सत्तावीस हातानं पुसलं आणि म्हणाले, "काका, हत्यारं बाहेर काढा. मास्तर उभे आहेत." मग हिरोकडे वळून म्हणाले, "आणि तू रोज तासभर काकांच्या शेजारी उभा राहा. आरशाकडे पाठ करून."

काकांनी फडकं सोडलं. कात्र्या, फण्या, वस्तरा पुन्हा खिडकीच्या फळीवर ओळीनं लागले. मास्तर बसले. तीन मिनिटांत झालर नीट झाली आणि ते मावशींना नमस्कार करून गेले.

दाजी तिथंच उभे होते. सगळे आपापल्या कामाला लागल्यावर ते हळूच खिडकीशी आले.

"काका, तुमची खुर्ची जाणार होती. नुसतं माझं नाव सांगितलं असतं तर भागलं असतं. मी इथं झोपलो होतो एवढंच तर सांगायचं होतं."

"खुर्चीतली गोष्ट खुर्चीत राहते, साहेब. चारचौघांत गिऱ्हाइकाची शोभा करायची नसते."

"बरं, नाव नाही तर नाही. मग मला उठवायचं तरी! वीस मिनिटांत केस झाले असणार. मोजणीचा दिवस, बाहेर माणसं खोळंबलेली, तुमची खुर्ची पणाला लागलेली. उठवलं का नाहीत?"

काका कात्रीची पाती एकमेकांवर घासून बघत होते. ती बघून झाल्यावर ते म्हणाले, "उठवणारच होतो. हात खांद्यापर्यंत नेला होता. पण तुम्ही झोपेत हसत होता हो. आणि सारखं म्हणत होता, 'सापडला! सापडला!' म्हटलं, इतक्या वर्षांनी सापडलाय, धरू द्या नीट."